ग्रंथांच्या सहवासांतील एक आठवडा

ग्रंथवाचन हें एकान्तांत करावयाचें काम आहे, असा सुशिक्षित समाजांत सर्वसाधारण समज आहे. दिवा लावावा, आरामखुर्ची खिडकीशीं ओढावी आणि घरांतील मंडळी निजल्यावर पुस्तक उघडावें, हें वाचनाचें चित्र बहुतेकांच्या मनांत ठसलेलें असतें. तें खोटें नाहीं. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनांत जें उरतें, त्याचें पुढें काय होतें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वर्तमानपत्रांतील बातमीवर बोलावयास शेजारी मिळतो, नाटकावर बोलावयास मित्र मिळतो. पण सोफोक्लीस, प्लेटो, कालिदास किंवा टॉलस्टॉय वाचून जो प्रश्न मनांत उभा राहिला, तो घेऊन कोणाच्या दारीं जावें? बहुधा तो प्रश्न चार दिवस मनांत घोळतो आणि कोमेजून जातो. कॉलेज सुटल्यावर वीस-तीस वर्षांनीं पुष्कळ सुशिक्षित माणसांची अशी अवस्था होते कीं, थोर ग्रंथांचीं नांवें त्यांना ठाऊक असतात, त्या ग्रंथांविषयींचीं मतेंहि ठाऊक असतात. मात्र तीं मतें दुसऱ्या कोणाचीं तरी असतात.

या अवस्थेवर अमेरिकेंत एक साधा उपाय रूढ झाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टींत एक आठवडा मोकळा काढावयाचा, एक-दोन थोर ग्रंथ आधीं घरीं वाचून ठेवावयाचे, आणि तोच ग्रंथ वाचून आलेल्या पंधरा-वीस अनोळखी माणसांबरोबर एका मेजाभोंवतीं बसून त्याची चर्चा करावयाची. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं, व्याख्यान नाहीं. हा प्रकार वरवर पाहतां करमणुकीचा वाटतो. परंतु त्याच्या मागें सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचे नियम विचारपूर्वक ठरलेले आहेत.

या इतिहासाचा आरंभ न्यूयॉर्क संस्थानांतील शटॉक्वा नांवाच्या सरोवराच्या कांठीं झाला. १८७४ सालीं जॉन व्हिन्सेंट हे धर्मोपदेशक व लुइस मिलर हे कारखानदार, या दोघांनीं रविवारच्या धर्मशाळांतील शिक्षकांसाठीं तेथें उन्हाळी मेळावा भरविला. लवकरच धर्मशिक्षणाच्या जोडीला इतिहास, शास्त्र, वाङ्मय व संगीत हे विषय आले. १८७८ सालीं व्हिन्सेंट यांनीं घरबसल्या वाचन करणारांसाठीं चार वर्षांचा अभ्यासक्रम काढला, आणि गांवोगांवीं लहान लहान वाचनमंडळें उभीं राहिलीं. ज्यांना कॉलेजाची पायरी चढतां आली नव्हती, अशा हजारों माणसांना, आणि त्यांतहि स्त्रियांना, या मंडळांचा मोठा आधार झाला. योगायोग असा कीं, शटॉक्वाचा मेळावा सुरू झाल्यावर एकाच वर्षानें, म्हणजे १८७५ सालीं, न्यायमूर्ति रानडे यांच्या प्रेरणेनें पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. दोहोंचाहि काळ उन्हाळ्याचा, आणि दोहोंचाहि हेतु प्रौढ माणसाला शाळेबाहेर शिक्षण देण्याचा. भेद एवढाच राहिला कीं, व्याख्यानमालेंत एक बोलतो व शेंकडों ऐकतात. वाचनमंडळांत प्रत्येकाला तोंड उघडावें लागतें.

ग्रंथचर्चेला आजचें स्वरूप आलें तें मात्र विसाव्या शतकांत. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक जॉन अर्स्किन यांनीं १९२० सालीं एक नवा वर्ग काढला. आठवड्याला एक थोर ग्रंथ, तोहि भाषांतरांत वाचावयाचा, आणि बुधवारीं सायंकाळीं दोन तास त्यावर बोलावयाचें, असा तो क्रम होता. वर्गाला एक नव्हे, दोन शिक्षक असत. एकाच्या मताला दुसऱ्याच्या मताचा शह बसावा आणि विद्यार्थ्यांना कोणा एकाच्याच मागें जातां येऊं नये, अशी ती योजना. सहकारी प्राध्यापकांनीं आक्षेप घेतला कीं, ज्या ग्रंथावर आयुष्य वेंचावें तो आठवड्यांत कसा वाचून होणार! अर्स्किन यांचें उत्तर सरळ होतें. हे ग्रंथ जेव्हां प्रथम लोकांपुढें आले, तेव्हां ते पंडितांसाठीं राखून ठेवलेले नव्हते. सामान्य वाचकांनींच ते वाचले, आणि प्रत्येकाला ते केव्हां तरी पहिल्यानें वाचावेच लागले.

याच वर्गांत मॉर्टिमर ॲडलर नांवाचा एक विद्यार्थी होता. पुढें तो शिकागो विद्यापीठांत गेला. तेथें रॉबर्ट हचिन्स हे १९२९ सालीं, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं, अध्यक्ष झाले होते. या दोघांनीं ही पद्धति शिकागोंत रुजविली, आणि पुढें ती विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर नेली. १९४३ सालीं शहरांतील व्यापारी व कारखानदार यांच्यासाठीं त्यांनीं एक वर्ग चालविला. १९४७ सालीं गांवोगांवच्या ग्रंथालयांतून असे वर्ग चालावे म्हणून एक स्वतंत्र संस्थाच स्थापन झाली. त्या व्यापाऱ्यांच्या वर्गांत बसणारे वॉल्टर पेपकी नांवाचे गृहस्थ होते. त्यांनीं कोलोरॅडोच्या डोंगरांतील ॲस्पेन या, चांदीच्या खाणी बंद पडल्यामुळें ओस होत चाललेल्या गांवीं १९४९ सालीं गटेच्या द्विशतसांवत्सरिक जयंतीचा मोठा उत्सव केला. आल्बर्ट श्वाइट्झर हे त्यासाठीं आले होते. त्या उत्सवांतूनच ॲस्पेन येथें उन्हाळ्यांत जमून ग्रंथांवर चर्चा करण्याची प्रथा निघाली.

दुसरी एक शाखा सेंट जॉन्स कॉलेजाची. ॲनापोलिस येथील या जुन्या कॉलेजांत १९३७ सालीं स्ट्रिंगफेलो बार व स्कॉट ब्युकॅनन यांनीं सर्व अभ्यासक्रमच थोर ग्रंथांवर उभारला. तेथें निरनिराळे विभाग नाहींत. शिक्षकाला प्राध्यापक म्हणत नाहींत. आणि विद्यार्थी व शिक्षक एकमेकांना आडनांवानें व आदरार्थी संबोधनानें हांक मारतात. १९६४ सालीं याच कॉलेजाची दुसरी शाखा न्यू मेक्सिकोंत सांता फे येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें ७,००० फूट उंचीवर, डोंगराच्या पायथ्याशीं उघडली. प्रौढ वाचकांसाठीं उन्हाळी आठवडे भरतात ते येथेंच.

असा आठवडा कसा जातो, तें आतां पाहूं. येणारांत डॉक्टर असतो, वकील असतो, शाळेंतील शिक्षिका असते, निवृत्त इंजिनियर असतो. नवराबायको जोडीनें येतात, तसे एकटेहि येतात. विषय आधींच ठरलेला असल्यामुळें प्रत्येकजण ग्रंथ वाचून येतो. कोणी सकाळची बैठक घेतो, कोणी दुपारची, कोणी दोन्ही. बैठक दोन तास किंवा थोडी अधिक चालते. मेजाशीं दोन मार्गदर्शक बसतात. त्यांपैकीं एक आरंभीं एकच प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. पहिल्या दिवशीं या प्रश्नानंतर जी शांतता पसरते, ती नवख्याला जड जाते. कारण शाळा-कॉलेजांत प्रश्नामागून उत्तर देणें हें शिक्षकाचें काम, अशी सवय जडलेली असते. येथें तें उत्तर येत नाहीं. मग कोणी तरी धीर करून बोलतो. दुसरा त्याला पानाचा आंकडा विचारतो. तिसरा तें पान मोठ्यानें वाचतो. आणि काम सुरू होतें. उरलेला वेळ पुढील भाग पुन्हा वाचण्यांत, फिरण्यांत आणि जेवणाच्या मेजावर तोच वाद पुढें चालविण्यांत जातो.

या चर्चेचे नियम थोडे आहेत. ग्रंथ वाचल्याखेरीज बोलूं नये; सर्वांनीं वाचलेल्या ग्रंथाबाहेर जाऊं नये; आपलें म्हणणें ग्रंथांतील शब्दांनीं सिद्ध करावें; आणि मार्गदर्शकानें प्रश्न विचारावे, उत्तरें देऊं नयेत. यांतील दुसरा नियम पुष्कळांना जाचतो. ज्यानें दहा टीकाग्रंथ वाचले आहेत, त्याला ते बाजूला ठेवावे लागतात. परंतु या नियमाचा हेतु विद्वत्तेचा उपमर्द करण्याचा नाहीं. एखाद्यानें मोठ्या टीकाकाराचें नांव घेतलें कीं, ज्यानें तो टीकाकार वाचलेला नाहीं त्याचें तोंड बंद होतें. उलट, पुस्तक सर्वांच्या हातांत आहे. त्यांतील ओळ दाखविली, तर ती विद्वानाला जितकी दिसते तितकीच दुकानदारालाहि दिसते. निवाडा करणारा ग्रंथच, म्हणून त्याच्यापुढें सर्व सारखे.

प्रश्नांचेहि तीन प्रकार मानले आहेत. पहिला वस्तुस्थितीचा, त्याचें उत्तर ग्रंथांत बोट ठेवून दाखवितां येतें. दुसरा अर्थाचा, त्याला ग्रंथांतूनच एकाहून अधिक उत्तरें निघूं शकतात. तिसरा मूल्याचा, त्याचें उत्तर वाचकाच्या स्वतःच्या आयुष्यांतून यावें लागतें. बहुतेक गप्पांत माणसें एकदम तिसऱ्या प्रश्नावर उडी घेतात आणि भांडूं लागतात. चांगल्या चर्चेंत दुसऱ्या प्रश्नाला सर्वांत अधिक वेळ दिला जातो.

सोफोक्लीसाच्या ‘अँटिगनी’ या नाटकाचें उदाहरण घेऊं. थीब्ज नगरींत दोघे भाऊ राज्यासाठीं लढून एकमेकांच्या हातून मरण पावले. नवा राजा क्रेऑन यानें एकाचें प्रेत सन्मानानें पुरलें, आणि परकी सैन्य घेऊन आलेल्या दुसऱ्याचें प्रेत पुरूं नये अशी आज्ञा काढली. बहीण अँटिगनी हिनें ती आज्ञा मोडली. राजानें तिला जिवंतपणीं एका गुहेंत कोंडलें. तिचा नियोजित वर हा राजाचाच मुलगा. त्यानें बापाची समजूत घातली, ती व्यर्थ गेली. शेवटीं आंधळा द्रष्टा टायरीसियस यानें बजावल्यावर राजाचें मन पालटलें. पण तो गुहेपाशीं पोंचला तेव्हां उशीर झाला होता.

हें नाटक ऐकतांच ‘राजा चुकला कीं बहीण चुकली?’ असा वाद सुरू होतो. हा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न. त्यावर दोन तास भांडूनहि कोणी कांहीं शिकत नाहीं. जाणता मार्गदर्शक निराळ्या ठिकाणीं बोट ठेवतो. राजाचें मन पालटल्यावर वृद्ध नागरिक त्याला सल्ला देतात कीं, आधीं मुलीला सोडवा, मग प्रेताची व्यवस्था करा. दूत येऊन जी हकीकत सांगतो, तींत मात्र राजा आधीं प्रेताचे अंत्यसंस्कार करतो व मग गुहेकडे जातो. हा क्रम त्यानें कां उलटविला? असा प्रश्न पडतांच सर्वांचीं पानें फडफडूं लागतात. एकजण म्हणतो, द्रष्ट्यानें देवांचा कोप सांगितला तो प्रेताच्या विटंबनेमुळें, म्हणून राजानें देवांचें ऋण आधीं फेडलें. दुसरी म्हणते, द्रष्ट्यानें जिवंत मुलीला पुरल्याचाहि दोष दिला होता. तो राजानें ऐकूनहि ऐकला नाहीं. तिसरा म्हणतो, हा माणूस पश्चात्तापांतहि राजाच राहिला. चूक सुधारतांनाहि त्याला आधीं राज्याचा प्रश्न दिसला, घरचा मागाहून. तिन्ही अर्थांना नाटकांत आधार आहे. आणि मग ध्यानांत येतें कीं, कोण चुकलें या प्रश्नाचाच अर्थ पालटला आहे. कायदा मोठा कीं रक्ताचें नातें, एवढ्यावर तो थांबत नाहीं. चूक कळल्यानंतर माणूस पहिल्यानें कोणाकडे धांवतो, हा प्रश्न त्याच्या पोटीं निघाला आहे. तो प्रश्न राजांपुरता नाहीं. मेजाशीं बसलेल्या बापाला, सासूला, शाळेच्या मुख्याध्यापकाला, सर्वांनाच तो लागू आहे.

अशा चर्चेवर आक्षेपहि आहेत, आणि ते पोकळ नाहींत. पहिला आक्षेप असा कीं, ग्रंथाचा काळ, समाज व मूळ भाषा यांचें ज्ञान नसतां नुसत्या भाषांतरावर बोलणें म्हणजे अंधारांत चांचपडणें. यांत तथ्य आहे. प्रेत न पुरणें ही ग्रीकांना केवढी भयंकर गोष्ट वाटे, हें ज्याला माहीत नाहीं त्याला अँटिगनीचा हट्ट अर्धाच कळेल. मार्गदर्शक याच कामासाठीं असतो. परंतु आठवड्याच्या चर्चेनें कोणी पंडित होत नाहीं, आणि झालों असें मानणें हा मूर्खपणाच होय. पंडिताचें काम पंडितानेंच करावें. तें काम कशासाठीं करावयाचें, हें मात्र अशा वाचनानेंच कळतें.

दुसरा आक्षेप ग्रंथांच्या निवडीविषयीं आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. १९५२ सालीं हचिन्स व ॲडलर यांच्या देखरेखीखालीं पाश्चात्त्य थोर ग्रंथांची ५४ खंडांची माला निघाली. तींत ७४ ग्रंथकार होते. त्यांत एकहि स्त्री नव्हती, आणि भारत, चीन किंवा जपान येथील एकहि ग्रंथ नव्हता. १९९० सालच्या ६० खंडांच्या दुसऱ्या आवृत्तींत जेन ऑस्टेन, जॉर्ज इलियट, विला कॅथर व व्हर्जिनिया वुल्फ अशा चार स्त्रियांना स्थान मिळालें. पूर्वेकडील ग्रंथ मात्र तेव्हांहि आले नाहींत. माला पाश्चात्त्य ग्रंथांची आहे असें सांगून ही उणीव झांकतां येईल. पण ‘थोर’ हें विशेषण एकदां एका यादीला चिकटलें कीं, यादीबाहेरचें सर्व आपोआप लहान ठरतें. सांता फेच्या कॉलेजांत पुढें भारतीय, चिनी व जपानी ग्रंथांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्यांत संस्कृत किंवा प्राचीन चिनी भाषा शिकण्याची सोय झाली, हा या आक्षेपाचाच सुपरिणाम म्हटला पाहिजे. पद्धति एका देशांत जन्मली म्हणून ग्रंथहि त्याच देशाचे असावे, असें कांहीं नाहीं.

महाराष्ट्रांतील घरांना तर सप्ताहाची कल्पना नवी नाहीं. ज्ञानेश्वरीचें, भागवताचें, गुरुचरित्राचें सात दिवसांचें पारायण पिढ्यान् पिढ्या चालत आलें आहे. भागवताची कथाच मुळीं अशी कीं, मरणाला सात दिवस उरलेल्या परीक्षितीनें प्रश्न केले आणि शुकमुनींनीं उत्तरें दिलीं. गीताहि अर्जुनाच्या शंकांवांचून पुढें सरकत नाहीं. ज्या ग्रंथांचा जन्म प्रश्नांतून झाला, त्यांचें श्रवण आपण मुकाट्यानें करावें, हें थोडें विचित्रच आहे. श्रवणाचें पुण्य आहेच. त्याच्या शेजारीं विचारण्याची एक सायंकाळ ठेवली, तर परंपरेचा भंग होण्याचें कारण नाहीं.

उन्हाळ्याच्या सुट्टींत, मुलें घरीं असतां व पाहुणे आलेले असतां, हा प्रयोग कोणत्याहि घरीं करतां येईल. सहा ते दहा माणसें पुरेत; त्यांत एखादा कॉलेजांतला मुलगा व एखादी आजी असली तर उत्तम, कारण एकाच वयाचीं माणसें एकाच ओळीवर अडखळतात. सर्वांच्या हातीं एकच भाषांतर असावें; नाहीं तर निम्मा वेळ शब्दांच्या भांडणांत जातो. ग्रंथ म्हणून ‘अभिज्ञानशाकुंतल’ घ्यावें. त्याचे अंक सात, आणि आठवड्याचे दिवसहि सात. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं तें मराठी संगीत रंगभूमीवर आणल्यापासून ही कथा मराठी घरांना परकी राहिलेली नाहीं. आणि कथा ठाऊक असल्यामुळेंच ग्रंथ नीट वाचला जात नाहीं, असाहि अनुभव येतो.

रोज एक अंक वाचावा आणि एकच प्रश्न ठेवावा. चौथ्या अंकांत दुर्वासाचा शाप शकुंतलेला ऐकूं येत नाहीं. अनसूया व प्रियंवदा यांना तो ऐकूं येतो. त्या तिला तो कां सांगत नाहींत? प्रेमामुळें, भीतीमुळें, कीं अंगठी आहे या भरंवशावर? निरोपाच्या वेळीं त्या अंगठीविषयीं नेमकें किती सांगतात, तें पान उघडून पाहावें. पांचव्या अंकानंतर दुसरा प्रश्न घ्यावा. महाभारतांतील मूळ कथेंत शाप नाहीं. तेथें दुष्यंताला सर्व आठवत असतें, तरी तो ओळख नाकारतो. कालिदासानें शाप घालून राजाला दोषांतून सोडविलें, कीं ज्याला आपला दोष मागाहून आठवला अशा माणसाचें दुःख सहाव्या अंकांत अधिक खोल केलें? या प्रश्नावर आजी एक बोलेल, सून दुसरें बोलेल, आणि मुलगा तिसरें. घरांतील माणसें एरवीं ज्या विषयावर एकमेकांशीं बोलावयास धजत नाहींत, म्हणजे दिलेलें वचन, विस्मरण, क्षमा, त्या विषयावर शकुंतलेच्या आडून त्यांना बोलतां येतें.

चर्चा चालविणारानें मात्र दोन पथ्यें पाळावीं. बोलक्या माणसाला थोपविण्यासाठीं त्याला फार आदरानें पानाचा आंकडा विचारावा. ज्याला आधार सांपडत नाहीं तो आपोआप थांबतो. आणि जो सबंध आठवडा गप्प बसला, त्याला शेवटच्या दिवशीं तरी एखादी आवडलेली ओळ वाचावयास सांगावी. पुष्कळदां चर्चेंत कोणाच्याहि ध्यानांत न आलेली ओळ तोच वाचून दाखवितो.

आठवड्याअखेर सर्वांचें एकमत होणार नाहीं, आणि तें व्हावें अशी अपेक्षाहि नसावी. अमुक टीकाकार असें म्हणतो, या वाक्यानें ज्याचें बोलणें सुरू होत असे, त्याचें बोलणें ‘चौथ्या अंकांत असें आहे’ या वाक्यानें सुरू होऊं लागलें, म्हणजे आठवडा सत्कारणीं लागला असें समजावें. थोर ग्रंथ कपाटांत पुष्कळ घरीं असतात. त्यांतला एक खालीं काढून मेजावर ठेवावयाचा, आणि भोंवतीं चार खुर्च्या ओढावयाच्या, एवढेंच काम उरलेलें असतें.